टाकीतील वेळ : इंधनाचा हिशेब आणि सक्तीचे अवतरण

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ जातीचे एक चिमुकले विमान हवेत चढवले, तेव्हा त्यांच्याबरोबर सुमारे पंचवीस किलो टपाल होते. मुंबईला जुहूच्या मैदानावर पोचण्यापूर्वी ते अहमदाबादेस उतरले आणि तेथे त्यांनी पेट्रोल भरून घेतले. बर्मा शेल कंपनीचे हे पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून आणि बैलगाडीवरून विमानापाशी आले होते. भारतीय नागरी विमानवाहतुकीच्या आरंभाची ही हकीकत नेहमी कौतुकाने सांगितली जाते. बैलगाडी आणि विमान यांची ती भेट चित्तवेधक आहे, यात शंका नाही. परंतु वैमानिकाच्या दृष्टीने त्या चित्रातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे डबा. किती डबे टाकीत रिते झाले हे उघड्या डोळ्यांनी मोजता येत होते, आणि म्हणून पुढे किती तास उडता येईल हेही सांगता येत होते. त्यानंतरच्या काळात विमानात कितीतरी सुधारणा झाल्या. पण इंधनाचा हिशेब चुकल्यामुळे छोटी विमाने शेतात, रस्त्यावर किंवा समुद्रात उतरण्याचे प्रसंग मात्र अद्याप थांबलेले नाहीत.

मोटारीतले पेट्रोल संपले तर मोटार रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि चालक डबा हातात घेऊन चालू लागतो. विमानाला कड नाही. तथापि इंजिन बंद पडताच विमान दगडासारखे खाली कोसळते, ही सर्वसाधारण समजूतही खरी नव्हे. पंखांवर हवा वाहत असेपर्यंत विमान तरंगते. ते आपली उंची खर्च करून पुढे जात राहते. इंजिन चालू असता पेट्रोल खर्च होते, बंद पडल्यावर उंची खर्च होते. या प्रकरणात आपल्याला या दोन्ही खर्चांचा विचार करावयाचा आहे.

मापांचा घोटाळा

इंधन कशात मोजायचे, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. टाकीचे आकारमान लिटरमध्ये किंवा गॅलनमध्ये सांगितले जाते. विमान पेलू शकेल तो भार किलोग्रॅममध्ये किंवा पौंडांत सांगितला जातो. आणि वैमानिकाला हवी असते ती वेळ, म्हणजे तास व मिनिटे. या तीन भाषांतून एकमेकींत सतत भाषांतर करावे लागते, आणि भाषांतरात चुका होतात हे प्रस्तुत लेखकास वेगळे सांगावयास नको.

एक उदाहरण घेऊ. सेसना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येने बांधले गेलेले छोटे विमान. त्याच्या १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातील एका प्रकारात दोन्ही पंखांतील टाक्या मिळून ४३ गॅलन पेट्रोल मावते आणि त्यातील ४० गॅलन वापरता येते. उरलेले तीन गॅलन तळाशी, नळीच्या तोंडाखाली राहून जाते. आता हे गॅलन अमेरिकन आहेत. अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, आपल्याकडे इंग्रजी अमदानीपासून रूढ असलेला गॅलन मात्र ४.५४६ लिटरचा. चाळीस अमेरिकन गॅलन म्हणजे १५१ लिटर, चाळीस इंग्रजी गॅलन म्हणजे १८२ लिटर. फरक पडला सुमारे तीस लिटरचा. आणि हे विमान समतल उड्डाणात तासाला साधारण तीस लिटर पेट्रोल खाते! शब्द एकच, पण त्याच्या दोन अर्थांमध्ये एक तासाचे उड्डाण हरवून जाते.

अशी चूक केवळ हौशी वैमानिकच करतात असे कुणी समजू नये. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ जातीचे विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. त्याची इंधनमापके बंद होती, म्हणून टाकीत पट्टी घालून इंधन मोजण्यात आले. टाक्यांत ७,६८२ लिटर इंधन होते. प्रवासास २२,३०० किलोग्रॅम हवे होते. लिटरचे किलोग्रॅम करण्यासाठी सुमारे ०.८ ने गुणावयाचे. परंतु कॅनडात त्या वेळी जुन्या मापांकडून मेट्रिक मापांकडे संक्रमण चालू होते आणि हिशेब करणाऱ्यांच्या हाती १.७७ हा आकडा होता. तो लिटरचे पौंड करण्याचा आकडा. वाचकांनी स्वतः गुणाकार करून पाहावा : ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे सुमारे १३,६००. ते किलोग्रॅम समजून उरलेल्या ८,७०० साठी आणखी सुमारे ४,९०० लिटर भरण्यात आले. वास्तविक वीस हजार लिटरांहून अधिक भरणे आवश्यक होते. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आल्याचे प्रथम लक्षात आले, आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिने थांबली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर चालवण्याचा अनुभव होता. त्यांनी ते प्रचंड विमान तरंगत आणून गिम्ली येथील हवाईदलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि विमानातील ६९ जणांचे प्राण वाचले. मोठ्या विमानाची ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण इतकेच की गुणाकार मोठ्या विमानातही तोच असतो.

इंधनाला वजन असते, ही गोष्टही विसरून चालत नाही. वर सांगितलेल्या सेसनात टाक्या काठोकाठ भरल्या की सुमारे १०९ किलोग्रॅम भार वाढतो. त्यावर चार धडधाकट माणसे बसवली, तर सामानासाठी काही उरत नाही. बहुधा मर्यादाच ओलांडली जाते. म्हणून चार माणसे न्यावयाची असतील, तर टाक्या अर्धवट ठेवाव्या लागतात. येथून पुढे धोक्याला सुरुवात होते. काठोकाठ भरलेली टाकी झाकण उघडताच दिसते. पण अर्धवट टाकीत नेमके किती आहे हे सांगणे कठीण. त्यासाठी खुणा केलेली एक साधी पट्टी असते. ती टाकीत बुडवून ओल कुठवर आली हे पाहावे. विमान उतरत्या जमिनीवर उभे असेल तर तीही फसवते. आपल्या खेड्यांतील किराणा दुकानदार रॉकेलच्या पिंपात काठी बुडवून पाहत असे, तीच ही रीत. आणि छोट्या विमानाच्या बाबतीत तिच्याइतका भरवसा दुसऱ्या कशावर ठेवता येत नाही.

घड्याळ हेच मापक

विमानाच्या फलकावर इंधनाचा काटा असतो, मग पट्टी कशाला, असे वाचक विचारतील. छोट्या विमानातील हा काटा टाकीतल्या तरंगत्या फुग्याला जोडलेला असतो. विमान वळले, झुकले किंवा हादरले की पेट्रोल टाकीत इकडून तिकडे डुचमळते आणि काटाही नाचू लागतो. विमानबांधणीच्या नियमांनी त्याच्याकडून मुख्य अपेक्षा केली आहे ती अशी, की समतल उड्डाणात वापरण्याजोगे इंधन संपलेले असताना काट्याने शून्य दाखवावे. म्हणजे काटा रिकामी टाकी रिकामी आहे एवढे तरी खरे सांगेल. मधल्या आकड्यांविषयी त्याची साक्ष ग्राह्य धरू नये. तरीही काटा अपेक्षेपेक्षा लवकर खाली येऊ लागला, तर मात्र त्याच्यावर विश्वास ठेवावा. टाकीत भरपूर आहे असे तो सांगत असेल तेव्हा शंका घ्यावी, कमी आहे असे सांगेल तेव्हा मानावे, हा पक्षपात शहाणपणाचा आहे.

खरे मापक म्हणजे मनगटावरचे घड्याळ. १९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग याने न्यूयॉर्क ते पॅरिस हा प्रवास एकट्याने साडेतेहतीस तासांत केला. त्याच्या विमानात पाच टाक्यांतून सुमारे ४५० गॅलन पेट्रोल होते. कोणत्या टाकीवर किती तास उड्डाण झाले, याची नोंद तो समोरच्या फलकावर पेन्सिलीने रेघा ओढून ठेवत असे. दुधाचा रतीब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडणाऱ्या गृहिणीच्या हिशेबाहून तो निराळा नव्हता. पॅरिसला उतरला तेव्हा त्याच्या टाक्यांत ८५ गॅलन शिल्लक होते. या उड्डाणाचे धाडस म्हणून वर्णन केले जाते. परंतु ज्याच्या टाकीत प्रवासानंतरही कित्येक तास पुरेल इतके पेट्रोल उरते, त्याला निव्वळ धाडसी म्हणणे अन्यायाचे होईल.

घड्याळ खरे, पण ते वाऱ्याचा विचार करीत नाही. समजा, आपल्याला तीनशे किलोमीटर जाऊन परत यावयाचे आहे आणि विमानाचा हवेतील वेग ताशी दोनशे किलोमीटर आहे. वारा नसेल तर दोन्ही फेऱ्या मिळून तीन तास लागतील. आता जाताना समोरून ताशी चाळीस किलोमीटरचा वारा आहे आणि येताना तोच पाठीमागून मिळणार आहे. जे गेले ते परत मिळेल, असे सहज वाटते. परंतु जाताना वेग १६० होतो आणि एक तास साडेबावन्न मिनिटे लागतात. येताना वेग २४० होतो आणि सव्वा तास लागतो. बेरीज तीन तास साडेसात मिनिटे. वारा जितका हिरावून घेतो तितका तो परत देत नाही, कारण प्रतिकूल वाऱ्यात आपण अधिक वेळ काढतो. शिवाय परतताना वारा बदलणार नाही अशी हमी कुणी दिलेली नसते.

याखेरीज इंजिन दर तासाला किती पेट्रोल घेईल, हे वैमानिकाच्या हातावरही अवलंबून असते. उंचीवर हवा विरळ होते. म्हणून इंजिनात जाणारे पेट्रोलही त्या प्रमाणात कमी करावे लागते. त्यासाठी तांबडी मूठ असलेली एक कळ असते. पुस्तकात दिलेले खपाचे आकडे ही कळ योग्य प्रमाणात मागे ओढली आहे असे धरून दिलेले असतात. नवशिका ती जमिनीवर होती तशीच पूर्ण पुढे ठेवतो आणि कागदावर साडेचार तास चालणारे पेट्रोल त्यापूर्वीच संपते. जुन्या, झिजलेल्या इंजिनाचा खप पुस्तकाशी जुळतोच असेही नाही. म्हणून प्रत्येक उड्डाणानंतर किती लिटर भरावे लागले आणि किती वेळ उडालो हे लिहून ठेवावे. दहा-पंधरा नोंदींनंतर त्या एका विमानाची खरी भूक कळते.

राखीव इंधन किती असावे? अमेरिकेच्या नियमांनुसार दृष्टीच्या आधारे करावयाच्या उड्डाणात मुक्कामी पोचल्यावर दिवसा तीस आणि रात्री पंचेचाळीस मिनिटे पुरेल इतके इंधन उरेल, असा बेत निघतानाच असला पाहिजे. हा किमान आकडा आहे. छोट्या विमानतळांमधील अंतर जेथे मोठे आहे आणि जेथे पेट्रोल मिळेलच याची खात्री नसते, अशा आपल्या देशात एक तासाहून कमी राखीव इंधनावर निघणाऱ्याचे अनुकरण करू नये, असे माझे मत आहे. आणि त्या तासाला हात लावावा लागेल असे दिसताच, मुक्काम समोर दिसत असला तरी, वाटेतल्या विमानतळावर उतरावे. घर अवघ्या पंधरा मिनिटांवर आले आहे, या विचाराने जितकी विमाने शेतात उतरवली आहेत तितकी वादळांनी उतरवली नसतील.

कोठारात धान्य आणि घरात उपवास

इंधनाअभावी इंजिन बंद पडण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळे ओळखले पाहिजेत. पहिल्या प्रकारात विमानात इंधन उरलेलेच नसते. दुसऱ्या प्रकारात ते असते, पण इंजिनापर्यंत पोचत नाही. कणगी भरलेली असताना चुलीवर आधण नसावे तशी ती स्थिती होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०१७ मध्ये वैमानिकांसाठी एक इशारा प्रसिद्ध केला. २०११ ते २०१५ या काळात तेथे खासगी व छोट्या विमानांचे इंधनविषयक अपघात दरवर्षी सरासरी पन्नासांहून अधिक झाले. त्यातील ५६ टक्के पहिल्या प्रकारचे आणि ३५ टक्के दुसऱ्या प्रकारचे होते. त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की या वैमानिकांपैकी जवळजवळ निम्मे व्यावसायिक दर्जाचे परवानाधारक होते. शिकाऊ वैमानिक अवघे दोन टक्के. शिकाऊ माणूस पट्टी बुडवून पाहतो, कारण शिक्षक त्याच्याकडे पाहत असतो.

दुसऱ्या प्रकाराची कारणे बहुधा अगदी साधी असतात. सेसनासारख्या उंच पंखांच्या विमानात टाकी निवडण्याच्या कळीला ‘दोन्ही’ अशी एक खूण असते. पायपर चेरोकीसारख्या खाली पंख असलेल्या विमानात ‘डावी’ आणि ‘उजवी’ एवढेच असते, आणि ठरावीक वेळाने टाकी बदलणे वैमानिकाला स्वतःच करावे लागते. तो विसरला, तर एक टाकी कोरडी पडते आणि दुसरी भरलेली राहते. कधी टाकीत हवा जाण्याची नळी बुजते. आपल्याकडे कुंभारीण नावाची माशी भिंतीच्या भोकांत, खिडकीच्या सांध्यात चिखलाची घरटी बांधते. उभ्या विमानाची ही नळी तिला अगदी सोयीची जागा वाटते. हवा आत गेली नाही की पेट्रोल बाहेर येत नाही. कधी टाकीचे झाकण नीट लागलेले नसते. पंखाच्या वरच्या बाजूस हवेचा दाब कमी असल्यामुळे पेट्रोल वरून शोषले जाऊन वाऱ्यावर उडून जाते.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. अर्धवट टाकीतील दमट हवा रात्रीच्या गारव्यात निवते आणि तिच्यातील बाष्पाचे थेंब होऊन तळाशी जमतात; झाकणाचे रबर जुने असेल तर पावसाचे पाणी सरळच आत उतरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते सर्वांत खाली, म्हणजे नेमके इंजिनाकडे जाणाऱ्या नळीपाशी बसते. यासाठी उड्डाणापूर्वी टाकीच्या तळाची छोटी तोटी उघडून पारदर्शक पेल्यात थोडे पेट्रोल काढून पाहतात. पाणी असेल तर पेल्यात खाली वेगळा थर दिसतो. येथे एक चकवा आहे. पेल्यात पेट्रोल मुळीच न येता सगळे पाणीच आले, तर थर दिसणार नाही, आणि स्वच्छ द्रव पाहून माणूस समाधानाने तोटी बंद करील. म्हणून रंग पाहावा, वासही घ्यावा. शंभर ऑक्टेनचे, कमी शिसे असलेले विमानाचे पेट्रोल मुद्दाम निळसर केलेले असते, ते याच कारणासाठी. जेट विमानाचे, केरोसीन जातीचे इंधन चुकून मिसळले गेले असेल तर तो निळेपणा फिका पडतो आणि बोटांना तेलकटपणा जाणवतो.

आणखी एक कारण उष्ण देशातील वैमानिकांना खोटे वाटते, ते म्हणजे बर्फ. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना आणि पेट्रोलची वाफ होताना तेथील तापमान वीस अंशांहूनही अधिक खाली येऊ शकते. बाहेर पंचवीस अंशांची दमट हवा असेल, म्हणजे पावसाळ्यात कोकणपट्टीवर असते तशी, आणि वैमानिक इंजिनाची शक्ती कमी करून खाली येत असेल, तर आत बर्फ साचू लागते आणि इंजिनाचे फेरे हळूहळू घटतात. यावर उपाय म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा देणारी कळ ओढणे. ती ओढताच वितळलेल्या बर्फाचे पाणी इंजिनात जाऊन ते क्षणभर अधिकच धडधडते. अननुभवी माणूस घाबरून कळ परत लोटतो आणि स्वतःच स्वतःचा घात करतो. कळ ओढलेलीच ठेवावी. थोड्याच वेळात इंजिन सुरळीत होते.

या सर्व कारणांचे सार ज्यात दिसते असा एक अपघात १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरे उपसागरापाशी, पॅसिफिक ग्रोव्ह गावासमोर झाला. मरण पावलेले वैमानिक म्हणजे प्रसिद्ध अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर. त्यांच्या नावावर २,७०० तासांहून अधिक उड्डाण होते. विमान लाँग-ईझी या जातीचे होते. बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून हौशी लोक ते आपापल्या घरी बांधतात. मूळ आराखड्यात टाकी बदलण्याची कळ वैमानिकाच्या दोन पायांमध्ये आहे. हे विशिष्ट विमान बांधणाऱ्याला पेट्रोलच्या नळ्या बैठकीच्या जागेत नको होत्या. म्हणून त्याने कळ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे भिंतीवर बसवली. हेतू सुरक्षिततेचाच होता. पण कळीवर कोणत्याही खुणा नव्हत्या, आणि मागे असलेल्या, इंधनाची पातळी दाखवणाऱ्या काचांवरही खुणा नव्हत्या. डेन्व्हर यांनी हे विमान नुकतेच घेतले होते.

उड्डाणापूर्वी त्यांच्याबरोबर असलेल्या तंत्रज्ञाच्या लक्षात आले की कळीपर्यंत त्यांचा हात नीट पोचत नाही. चिमटा लावून कळ लांबवण्याचा प्रयत्न दोघांनी करून पाहिला. तो साधला नाही. मागच्या काचा दिसाव्यात म्हणून तंत्रज्ञाने त्यांना एक छोटा आरसा दिला. पेट्रोल भरावयाचे का, याला उत्तर मिळाले की उड्डाण तासाभराचेच आहे, जरूर नाही. टाकी बदलावी लागलीच तर विमान स्वयंचालकावर सोपवून बदलू, असेही ते म्हणाले. धावपट्टीवर तीन वेळा उतरण्या-चढण्याचा सराव करून ते समुद्राकडे वळले. किनाऱ्यावरील लोकांनी पाहिले तेव्हा विमान साडेतीनशे ते पाचशे फुटांवर होते. कित्येकांनी इंजिनाचा फट् असा आवाज किंवा आवाज मंदावल्याचे ऐकले, आणि विमान तीव्रपणे कलून पाण्यात गेले.

चौकशी करणाऱ्यांनी तशाच विमानात बसून पाहिले. ती कळ फिरवण्यासाठी नियंत्रणदांड्यावरचा हात काढावा लागे, खांद्याचा पट्टा सोडावा लागे, धड नव्वद अंश डावीकडे वळवून उजवा हात मागे न्यावा लागे. आणि असे वळताना शरीराचा तोल सांभाळण्यासाठी उजवा पाय आपोआप पुढे रेटला जाऊन उजव्या पेडलवर दाब पडे. म्हणजे टाकी बदलण्याच्या हालचालीतच विमान कलण्याची तजवीज होऊन बसली होती. मंडळाने ठरवलेल्या कारणांत उड्डाणापूर्वी इंधन न भरणे, कळीची जागा, खुणांचा अभाव आणि या जातीच्या विमानाचा अपुरा सराव या सर्वांचा उल्लेख आहे. मला या हकीकतीतील आरसा विसरता येत नाही. दोष दोघांनाही स्पष्ट दिसला होता आणि दोघांनीही त्याच्यावर सोय शोधली. पाच-दहा गॅलन पेट्रोल भरणे त्या आरशापेक्षा सोपे होते.

इंजिन थांबल्यावर

आता दुसऱ्या खर्चाकडे, म्हणजे उंचीकडे वळू. इंजिन बंद पडून जेथे उतरावे लागते त्याला सक्तीचे अवतरण म्हणतात. अवतरण हा शब्द आपण एरवी देवादिकांसाठी राखून ठेवला आहे. येथे उतरणाऱ्याला आपली जागा आणि मुहूर्त निवडण्याची मुभा फारच थोडी असते.

पहिले काम वेगाचे. प्रत्येक विमानाचा असा एक वेग असतो की ज्या वेगाने तरंगत आले असता ते सर्वांत दूर पोचते. वरील सेसनाचा तो वेग ६५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटर आहे. या वेगाने एक हजार फूट उंची खर्च करून ते शांत हवेत सुमारे पावणेतीन किलोमीटर जाते. तीन हजार फुटांवर इंजिन थांबले तर आठ किलोमीटरच्या परिघातील जमीन आणि सुमारे चार मिनिटे वैमानिकाच्या हाती असतात. नाक वर धरून विमान लांबवता येईल असे मनाला वाटते. प्रत्यक्षात तसे केल्याने वेग घटतो, उतार अधिक तीव्र होतो आणि शेवटी पंख हवेला धरेनासे होतात.

वेग साधला की लगेच जागा निवडावी, आणि मगच इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करावा. बहुतेक पुस्तके या क्रमावर भर देतात आणि तो योग्य आहे. प्रयत्नात टाकी बदलणे, कार्बोरेटरला गरम हवा देणे, तांबडी कळ पुढे लोटणे, पंप असल्यास चालू करणे आणि ठिणगीची किल्ली तपासणे एवढे येते. दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे उपवासाचा बिघाड असेल, तर बहुधा यातच इंजिन जागे होते. न झाल्यास १२१.५ मेगाहर्ट्झवर ‘मेडे’ची हाक द्यावी.

जागा निवडताना वारा कुठून आहे हे प्रथम पाहावे : धूर, धूळ, तळ्यावरच्या लाटा, झाडांचे शेंडे यांवरून ते कळते. वाऱ्याकडे तोंड करून उतरण्याने काय साधते, याचा हिशेब सोपा आहे. टेकताना हवेतील वेग ५० नॉट असेल आणि वारा दहा नॉटचा असेल, तर समोरून वारा घेता जमिनीवरील वेग ४० होतो, पाठीवर घेता ६०. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. चाळिसाचा वर्ग सोळाशे, साठाचा छत्तीसशे. तेच विमान, तेच शेत, आणि धक्का सव्वादोन पट. उलटपक्षी, वेग कमी असला तर थांबण्यास लागणारे अंतर किती थोडे असते हे पाहून आश्चर्य वाटेल. ताशी ८० किलोमीटर वेगाचे विमान गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट मंदनाने एकसारखे थांबले तर त्याला तीन मीटरही लागत नाहीत, आणि पट्ट्याने नीट बांधलेला माणूस तेवढ्या धक्क्यातून वाचू शकतो. म्हणून झुडपे, कुंपण, पिके आणि पंखसुद्धा वेग खाण्यासाठी खर्ची घालावेत. बसण्याची जागा शाबूत राहिली म्हणजे झाले. विमान वाचवण्याचा मोह येथे घातक ठरतो.

आपल्याकडील शेते लहान, बांध उंच आणि मध्येच विहिरी. वरून सपाट दिसणारा हिरवा गालिचा उसाचा असला तर खरी जमीन त्याच्या दोन पुरुष खाली असते. भाताच्या खाचरात चाके रुतून विमान उलटण्याचा संभव असतो. नुकतीच कापणी झालेले शेत सर्वांत उत्तम. नांगरलेले असेल तर तासांच्या दिशेने उतरावे, आडवे नव्हे. रस्ता मोहात पाडतो, पण त्याच्या कडेने तारा असतात आणि तारा वरून दिसत नाहीत. तारा शोधू नयेत, खांब शोधावेत.

सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे उड्डाण करताच इंजिन थांबणे. पाठीमागे धावपट्टी आहे, मागे वळावे, असे प्रत्येकाला वाटते. हिशेब करून पाहू. ६५ नॉट वेगाने, पंख तीस अंश कलवून वळल्यास वळणाची त्रिज्या सुमारे दोनशे मीटर होते. अर्धे वर्तुळ पुरे करून आपण धावपट्टीवर येत नाही, तिच्या बाजूला चारशे मीटरवर येतो. तिच्याशी जुळण्यासाठी आणखी वळणे घ्यावी लागतात. एकूण सुमारे २७० अंशांचे वळण, म्हणजे अठ्ठावीस सेकंद; वळणात उंची अधिक वेगाने जाते, म्हणून त्यात चारशे फूट जातात. इंजिन थांबले आहे हे उमगायला गेलेले चार-पाच सेकंद आणखी पन्नास फूट घेतात. म्हणजे पाचशे फुटांवरून वळणाऱ्याला शेवटी जवळजवळ काहीच उरत नाही, आणि ते पूर्ण अचूक वळण घेतले तर. जमीन जवळ येताना पाहून तो वळण अधिक आवळतो. साठ अंश कललेल्या विमानाला तरंगत राहण्यास ४१ टक्के अधिक वेग लागतो. तो मिळत नाही आणि विमान एका पंखावर कोसळते. समोर जे असेल तिकडे, फार तर थोडे डावे-उजवे वळून, उतरणे बरे. कोणत्या उंचीखाली मागे वळायचे नाही, तो आकडा धावपट्टीवर उभे असतानाच स्वतःशी मोठ्याने म्हणावा.

टेकण्यापूर्वी पेट्रोलची कळ आणि विजेचा मुख्य खटका बंद करावा आणि दार किंचित उघडे ठेवावे, कारण सांगाडा वाकला तर बंद दार उघडत नाही. पट्टे शेवटचे एकदा आवळावेत. विमान थांबल्यावर सर्वांनी बाहेर पडून वाऱ्याच्या वरच्या बाजूस दूर जावे. टाक्या रित्या असल्या तरी त्यांतील वाफ पेटू शकते, आणि एव्हाना बांधावरून धावत येणाऱ्या गर्दीत कुणाच्या तरी ओठांत पेटलेली विडी असते. तिला दूर ठेवणे हे वैमानिकाचे त्या दिवसाचे पुढचे काम.